हेरिटेज वीकमध्ये आईला चर्चेस दाखवायचीयेत, कुठे कुठे जाऊ?

नातूबागकर
१९ ते २५ नोव्हेंबर हेरिटेज वीक असतो हे आईने (वय ७३) पेपरात वाचलंय आणि आता मागे लागलीये की मला पुण्यातली चर्चेस दाखव. शनिवारवाडा, केळकर म्युझियम पाव्हण्यांना दाखवून दाखवून झालंय, पण माहेर गुरुवार पेठेत असून बाई तिथल्या पंचहौद चर्चच्या आत आयुष्यात एकदाही गेलेली नाहीये, लहानपणी नुसता घंटांचा आवाज ऐकायची. आपण ख्रिश्चन नाही, तर असं उठून आत गेलेलं चालतं का? गुडघे दुखतात, जिने नकोत. मला रविवारच जमणारे.

कॅम्पातला
चालतं हो, कोणी काही विचारत नाही. फक्त रविवारी सकाळी मिसा (सामुदायिक प्रार्थना) असते तेव्हा मोबाईल वर करून फोटो काढत फिरू नका, एकतर शेवटच्या बाकावर गपचूप बसा नाहीतर संपल्यावर जा. क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चपासून सुरू करा. १७९२ सालचं, जागा सवाई माधवरावांनी दिलेली, पेशव्यांच्या फौजेत गोव्याकडचे ख्रिस्ती शिपाई होते त्यांच्यासाठी. म्हणजे पुण्यावर युनियन जॅक लागायच्या पंचवीस वर्षं आधीचं, हे माझ्या सदाशिव पेठेतल्या मित्रांना अजून पटत नाही. मग कॅम्पात सेंट मेरीज, १८२५. आतल्या भिंतींवर गोऱ्या अधिकाऱ्यांच्या नावाच्या पाट्या आहेत त्या सावकाश वाचा, मी गेलो की अर्धा तास तिथेच जातो. लाल देवळात मात्र आयत्या वेळी जाऊ नका, ते सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) आहे, बाहेर बंदोबस्त असतो, आधी विचारून घ्या आणि ओळखपत्र न्या.

खडीसाखर
पंचहौदला जाताय तर आईंना १८९०चं चहा प्रकरण नक्की माहीत असणार. टिळक, रानडे वगैरे मंडळी मिशनमध्ये कार्यक्रमाला गेली, पुढ्यात चहा-बिस्किटं आली, कोणी प्यायलं, कोणी नुसता कप हातात धरला, आणि गोपाळराव जोशींनी (हो तेच, आनंदीबाईंचे यजमान) सगळ्यांची नावं पेपरात छापून आणली! मग काय, ख्रिश्चनांकडचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य (जातीबाहेर टाकायचा वाद), शंकराचार्यांपर्यंत तक्रार, प्रायश्चित्त. टिळक म्हणाले मी काशीला आधीच घेऊन आलोय 😄 एका कपासाठी एवढा दंगा, आणि आज त्याच पेठेत दर दहा पावलांवर अमृततुल्य.

बोळातला
नुसती चर्चेसच का? मंडईची इमारत १८८६ची, बघायला जिना चढायचा नाही, एकदा भाजी न घेता मधोमध उभं राहून मान वर करून बघा. विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पण बाहेरूनच बघा, सागवानी सुरूदार (सुरूच्या झाडाच्या आकाराचे) खांब आणि वरची नक्षी, बसमधून कधी नीट दिसतच नाही.
बाकी ‘सर्वांना प्रवेश’ वाचून लगेच निघू नका, फोन करून जा. मागे एका सरकारी इमारतीत बोर्ड तसा, आणि गेटवरचा वॉचमन म्हणे साहेबांची चिठ्ठी आणा. साहेब रविवारचे घरी.

नातूबागकर
धन्यवाद मंडळी. आईला वाचून दाखवलं, चहाचं तिला माझ्यापेक्षा जास्त माहितीये, तिच्या आजोबांकडे म्हणे यावरून जेवताना भांडणं व्हायची. आधी सिटी चर्च, मग पंचहौद, येताना मंडई असं ठरतंय. पंचहौदजवळ गाडी कुठे लावायची तेवढं सांगा कोणीतरी.

खडीसाखर
गाडी?? गुरुवार पेठेत? रिक्षा करा हो.