मिडनाइट ऑइल : गाण्यातले राजकारण आणि राजकारणातला गायक

प्रश्न – डिचोलीकर

आमच्या डिचोलीतील संगीतप्रेमी मंडळींची महिन्यातून एकदा बैठक भरते. एकाने एखाद्या कलावंताविषयी बोलावे आणि मधूनमधून ध्वनिमुद्रणे ऐकवावीत, असा तिचा प्रघात आहे. नाट्यसंगीत, अभंग, ठुमरी हे विषय वारंवार होतात. या खेपेस मंडळींनी पाश्चात्त्य संगीत घेण्याची मोकळीक दिली, तेव्हा मी ऑस्ट्रेलियातील 'मिडनाइट ऑइल' या रॉक बँडचे नाव सुचवले. श्रोत्यांपैकी बहुतेकांना रॉक म्हणजे निव्वळ गोंगाट वाटतो, परंतु जमीन, खाण, पाणी आणि सरकार हे विषय त्यांच्या रोजच्या बोलण्यातले आहेत, त्यामुळे त्या बाजूने शिरकाव करता येईल अशी माझी अपेक्षा आहे.

अडचण अशी की, या बँडविषयी बोलू लागलो की मी त्यांच्या आंदोलनांतच रमतो आणि संगीत बाजूला पडते. निव्वळ गाणे-वाजवणे म्हणून त्यांचे मोल काय, हे जाणकारांनी सांगावे. शिवाय गायक पीटर गॅरेट पुढे संसदेत गेला, मंत्री झाला. त्यामुळे आधीच्या गाण्यांना बाध येतो का, हा प्रश्न बैठकीत हमखास निघणार. त्याचे प्रामाणिक उत्तर काय द्यावे?

उत्तर – मडगावचा श्रोता

डिचोलीकरबाब, विषय उत्तम निवडलात. माझी सूचना अशी की, सुरुवात आंदोलनांपासून न करता सिडनीच्या उत्तरेकडील समुद्रकाठच्या पबांपासून करावी, कारण या बँडचा आवाज तिथे घडला. १९७० च्या दशकाच्या आरंभी रॉब हर्स्ट (ड्रम), जिम मॉगिनी (गिटार व कीबोर्ड) आणि अँड्र्यू जेम्स (बेस) हे 'फार्म' या नावाने वाजवत असत. गायक हवा म्हणून त्यांनी दिलेल्या जाहिरातीला कायद्याचा विद्यार्थी असलेल्या गॅरेटने उत्तर दिले. १९७६ मध्ये टोपीतून चिठ्ठी काढून बँडचे नवे नाव ठरले, पुढच्या वर्षी मार्टिन रॉट्सी हा दुसरा गिटारवादक आला आणि १९७८ मध्ये पहिला अल्बम निघाला.

त्या पबांतली गर्दी दाटीवाटीने उभी असे, प्यायलेली असे आणि कंटाळली की तसे तोंडावर सांगत असे. अशा लोकांपुढे तास-दीड तास टिकायचे तर लय पक्की हवी, आणि ती हर्स्टने दिली. तो या बँडचा ड्रमवादक तर होताच, शिवाय मुख्य गीतकारांपैकी एक आणि सहगायकही होता. मॉगिनी आणि रॉट्सी यांच्या गिटारी एकमेकींवर चढाओढ करत नाहीत. एक तुटक, टोकदार ठोके देते तेव्हा दुसरी त्यांच्या मधल्या रिकाम्या जागेत सूर भरते. गॅरेटचा आवाज गोड नाही. तो शब्द फेकतो, ओढतो, कधी नुसता बोलतो; समूहस्वर त्याला येऊन मिळतात तेव्हा गाणे खुलते. टक्कल केलेला तो उंच माणूस रंगमंचावर हातपाय झटकत नाचताना एकदा पाहिला की विसरणे शक्य नाही. तो नाच श्रोत्यांना चलत्चित्रातून अवश्य दाखवा, कारण ताल त्याच्या अंगात कसा भिनला आहे हे त्यातून कळते.

त्या काळी ऑस्ट्रेलियात गाजायचे तर सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील 'काउंटडाउन' या कार्यक्रमात हजेरी लावणे जवळजवळ सक्तीचे होते. यांनी ती लावली नाही आणि तरीही लोक जमवले. १९८२ मध्ये लंडनमध्ये निक लॉने या निर्मात्याबरोबर केलेल्या अल्बममध्ये, ज्याचे नाव दहापासून एकपर्यंतची उलटी मोजणी आहे, पबातला जोर आणि स्टुडिओतली कारागिरी प्रथमच एकत्र आली. त्यातले 'पॉवर अँड द पॅशन' माझ्या मते त्यांच्या वादनाचा उत्तम नमुना आहे. गाणे सुखवस्तू सिडनीच्या बेफिकिरीवर आणि पाइन गॅप येथील अमेरिकी तळावर बोलते, पण बोलता बोलता थांबते, हर्स्टला एकट्याला वाजवू देते आणि मग ब्रासची, म्हणजे पितळी फुंकवाद्ये आत घेते. इथे विचार संगीताच्या डोक्यावर बसलेला नाही, दोघे एकाच चालीने चालतात. ज्यांना ही मंडळी फक्त घोषणा देतात असे वाटते, त्यांनी हर्स्टने रंगमंचावर ड्रमशेजारी ठेवलेली नागमोडी पत्र्याची पाण्याची टाकी बडवताना पाहावे.

उत्तर – सत्तरीची वाट

मी संगीतातला जाणकार नाही, तरीही 'ब्लू स्काय माइन' या एका गाण्यापुरते लिहितो, कारण ते आमच्या भागातल्या माणसाला कोणी समजावून सांगावे लागत नाही.

हे गाणे १९९० च्या 'ब्लू स्काय मायनिंग' या अल्बमातले. त्याला पार्श्वभूमी आहे पश्चिम ऑस्ट्रेलियातील विटेनूम या गावाची. तिथे सीएसआर या साखरेच्या धंद्यातून मोठ्या झालेल्या कंपनीची उपकंपनी निळा ॲस्बेस्टॉस काढत असे. खाण १९६६ मध्ये बंद झाली, पण त्या धाग्यांची धूळ फुप्फुसात गेली की आजार कित्येक दशकांनी वर येतो, त्यामुळे खाणीला टाळे लागल्यानंतरही माणसे मरत राहिली. १९८८ मध्ये न्यायालयांनी आजारी कामगारांच्या बाजूने निकाल दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी हे गाणे आले, म्हणजे जखम अजून ओली होती.

यात कंपनीला शिव्या घालणारा कोणी पुढारी बोलत नाही. बोलतो तो खाणीतला कामगार, आणि तो खाण बंद करा असेही म्हणत नाही. त्याला घर चालवायचे आहे, पोटासाठी तो त्याच कंपनीवर अवलंबून आहे आणि ती आपल्याला वाऱ्यावर सोडील याची धास्ती त्याच्या आवाजात आहे. आमच्या घरी हे जसेच्या तसे होते. उन्हाळ्यात खनिजाच्या ट्रकांची रांग गेली की अंगणातल्या तुळशीच्या पानांवर तांबडी भुकटी बसे, आई वाळत घातलेले कपडे काढून पुन्हा धुवायला टाकी, आणि त्याच रांगेतल्या एका ट्रकाचा बँकेचा हप्ता आमच्या घरातून जात असे. ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने गोव्यातले खाणकाम थांबले तेव्हा गावात विहिरीच्या पाण्यासाठी आनंद झाला आणि हप्त्यांसाठी रडूही आले, आणि ही दोन्ही माणसे पुष्कळदा एकाच घरातली होती. पर्यावरणाविषयीची पुष्कळ गाणी या दुसऱ्या माणसाला विसरतात. या बँडने त्यालाच गाण्याचा 'मी' केले, म्हणून मला हे गाणे सच्चे वाटते.

गाणे आले त्याच वर्षी, ३० मे १९९० रोजी, त्यांनी न्यूयॉर्कमध्ये एक्सॉन कंपनीच्या कार्यालयासमोर उघड्या ट्रकावर उभे राहून भर दुपारी गाणी वाजवली. आदल्या वर्षी त्या कंपनीच्या जहाजातले तेल अलास्काच्या समुद्रात सांडले होते. अमेरिकेत नाव होऊ लागले असताना तिथल्याच बलाढ्य कंपनीच्या दारात जाणे सोपे नव्हते.

उत्तर – पेडण्याची वाचक

सत्तरीच्या भावाने लिहिलेले मनाला भिडले. मला 'डीझेल अँड डस्ट' या १९८७ च्या अल्बमाविषयी थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण 'बेड्स आर बर्निंग' हे त्यातले गाणे जगभर वाजले, पण त्यामागचा प्रवास फार थोड्यांना ठाऊक असतो.

२६ ऑक्टोबर १९८५ रोजी ऑस्ट्रेलिया सरकारने उलुरू या महाशिलेची जमीन तिच्या मूळ मालकांना, म्हणजे अनंगू लोकांना परत केली आणि त्याच दस्तऐवजांनुसार राष्ट्रीय उद्यानासाठी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने परत घेतली. त्या प्रसंगाशी संबंधित म्हणून 'द डेड हार्ट' हे गाणे तयार झाले. पाठोपाठ १९८६ मध्ये ही मंडळी वारुम्पी बँडबरोबर वाळवंटातल्या आदिवासी वस्त्यांच्या दौऱ्यावर गेली. वारुम्पी बँड पापुन्या या वस्तीतला होता आणि लुरिचा या आदिवासी भाषेतले त्यांचे गाणे १९८३ मध्येच ध्वनिमुद्रित झाले होते. शहरातल्या मोठ्या सभागृहांत गाजलेल्या बँडला तिथे कोणी ओळखत नव्हते. मुले, म्हातारी माणसे आणि कुत्री यांच्यासमोर उघड्यावर वाजवायचे, आणि आवाज फार मोठा झाला तर लोक उठून जायचे. माझ्या समजुतीप्रमाणे त्या दौऱ्याने त्यांचे संगीत पालटले. 'डीझेल अँड डस्ट'मध्ये आधीचा भरगच्चपणा कमी झाला, गाण्यांत मोकळी हवा आली, चाली सुट्या आणि गुणगुणता येतील अशा झाल्या.

'बेड्स आर बर्निंग'ला पिंटुपी लोकांचा संदर्भ आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत त्यांना पश्चिमेकडील वाळवंटातून पापुन्यासारख्या सरकारी वसाहतींत आणले गेले आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी ते किंटोरला, आपल्या मुलखात परतू लागले. गाण्यात मागणी एकच आहे: ही जमीन त्यांची आहे, तिचे भाडे द्या, ती परत करा. कूळ-मुंडकारांचे, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांचे व तीत राहणाऱ्यांचे, खटले ज्यांच्या घरात झाले आहेत त्या गोमंतकीय श्रोत्यांना यातली उलथापालथ लगेच कळेल, कारण इथे पिढ्यान्‌पिढ्या मालक म्हणून वावरलेला गोरा माणूस स्वतःच उभा राहून सांगतो की आम्ही दुसऱ्याच्या जमिनीत राहतो आणि भाडे थकले आहे.

तथापि बाहेरच्याने दुसऱ्याचे दुःख गाताना जो धोका असतो तोही त्यांना चुकला नाही. १९९३ च्या 'ट्रुगनिनी' या गाण्याला एकोणिसाव्या शतकातल्या एका टास्मानियन आदिवासी स्त्रीचे नाव आहे; त्यासोबत छापलेल्या मजकुरात तिला टास्मानियातील शेवटची आदिवासी म्हटले गेले, तेव्हा आजही तिथे राहणाऱ्या टास्मानियन आदिवासींनी रास्त आक्षेप घेतला. तो बैठकीत सांगावा असे मला वाटते.

डिचोलीकर

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. भाडेपट्ट्याचा धागा मला सुचला नसता. गॅरेटच्या मंत्रिपदाविषयी मात्र कोणी लिहिले नाही, आणि आमच्या बैठकीत निवृत्त सरकारी कर्मचारी पुष्कळ असल्याने तोच विषय रंगणार.

उत्तर – पणजीकर

गॅरेट अचानक राजकारणात गेला असे नाही. १९८४ मध्ये तो अण्वस्त्रविरोधी पक्षातर्फे न्यू साउथ वेल्समधून सिनेटच्या निवडणुकीला उभा होता; पहिल्या पसंतीची नऊ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही पसंतीक्रमाच्या वाटपात तो थोडक्यात हरला, आणि ते वाटप त्याच्या विरोधात जाण्यात मजूर पक्षाचाही हात होता. पुढे तो ऑस्ट्रेलियन कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या पर्यावरणवादी संस्थेचा अध्यक्ष दोन वेळा झाला. १ ऑक्टोबर २००० रोजी सिडनी ऑलिंपिकच्या समारोपात बँड काळ्या कपड्यांत आला आणि त्या कपड्यांवर जागोजागी 'सॉरी' हा शब्द छापलेला होता. आदिवासी कुटुंबांतून हिरावून नेलेल्या मुलांबद्दल सरकारतर्फे माफी मागण्यास नकार देणारे पंतप्रधान जॉन हॉवर्ड तिथे उपस्थित होते. भाषण नाही, घोषणा नाही. त्यांनी 'बेड्स आर बर्निंग' वाजवले आणि ते निघून गेले.

२००२ च्या अखेरीस गॅरेटने बँड सोडला, २००४ मध्ये मजूर पक्षातर्फे निवडून आला आणि २००७ मध्ये पर्यावरणमंत्री झाला. इथून पुढचा भाग कटू आहे. युरेनियमच्या खाणींविरुद्ध आयुष्य घालवलेल्या माणसाच्या सहीने २००९ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील एका नव्या युरेनियम खाणीला मंजुरी मिळाली. घरांच्या छतांत उष्णतारोधक थर बसवण्याच्या सरकारी योजनेत चार तरुण कामगार दगावले आणि २०१० मध्ये त्या कामाची जबाबदारी त्याच्याकडून काढून घेण्यात आली. पक्षशिस्तीत राहून आतून काम करायचे हा मार्ग त्याने निवडला आणि त्याची किंमतही भरली. परंतु १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत पंतप्रधान केव्हिन रड यांनी ती माफी मागितली, तेव्हा गॅरेट त्यांच्याच मंत्रिमंडळात होता. आणि दक्षिण महासागरातील व्हेलच्या शिकारीवरून जपानला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचण्याचे पाऊल तो पर्यावरणमंत्री असतानाच उचलले गेले, २०१४ मध्ये निकालही ऑस्ट्रेलियाच्या बाजूने लागला. जमाखर्च मांडताना दोन्ही बाजू मांडाव्यात. माझे मत विचाराल तर मंत्री म्हणून तो कमी पडला, आणि त्यामुळे गाण्यांचे तेज थोडे उणावलेच. युरेनियमच्या त्या मंजुरीनंतर मला त्यांची अण्वस्त्रविरोधी गाणी पूर्वीच्या विश्वासाने ऐकता येत नाहीत.

उत्तर – मडगावचा श्रोता

पणजीकरांशी बहुतांशी सहमत असूनही शेवटच्या वाक्याशी नाही. ही गाणी एकट्या गॅरेटची नव्हेतच. 'बेड्स आर बर्निंग'वर हर्स्ट आणि मॉगिनी यांचेही नाव आहे, आणि बाकीचे चौघे कोणत्याही मंत्रालयात गेले नाहीत. शिवाय २०१७ मध्ये बँड पुन्हा एकत्र आला तो जुनी गाणी वाजवून पैसे गोळा करण्यापुरता नव्हे. २०२० च्या 'द मकाराटा प्रोजेक्ट'मध्ये प्रत्येक गाण्यात आदिवासी कलावंत बरोबरीने आहेत, त्यामुळे पेडण्याच्या बायनी दाखवलेल्या उणिवेला त्यांनी सत्तावीस वर्षांनी का होईना, कामातून उत्तर दिले असे मी मानतो. अल्बम निघाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरमध्ये, १९८७ पासूनचा त्यांचा बेसवादक बोन्स हिलमन वारला. २०२२ मध्ये 'रेझिस्ट' हा शेवटचा अल्बम काढून आणि त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला सिडनीत अखेरचा कार्यक्रम करून त्यांनी दौरे थांबवले.

बैठकीसाठी क्रम सुचवतो. आधी 'ब्लू स्काय माइन', कारण त्याची चाल सोपी आहे, माउथऑर्गन कानाला ओळखीचा वाटेल आणि विषय घरचा आहे. मग 'द डेड हार्ट', ज्यातला शब्दांवाचूनचा समूहस्वर भजनाला बसणाऱ्या मंडळींना लगेच उचलता येईल. त्यानंतर 'बेड्स आर बर्निंग' ऑलिंपिकच्या चित्रफितीसह, आणि मकाराटातले 'गॅडिगल लँड'. 'पॉवर अँड द पॅशन' शेवटी घ्या. एकट्या ड्रमचा तुकडा आला की तो मध्ये थांबवून समजावू नका, ब्रास सुरू होईपर्यंत सलग वाजू द्या, आणि आवाज थोडा मोठा ठेवा.