जर्मन : मोठेपणी स्वतःच शिकावं की क्लास लावावा?

बालेवाडीकर (धागाकर्ता)

नोकरी, घर, मुलं सांभाळून चाळिशीत जर्मन शिकणाऱ्या माणसानं बी१ पर्यंत (ए१, ए२, बी१, बी२ या चढत्या पातळ्यांमधली तिसरी) क्लासच्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत आहे. मी त्याच वाटेनं बी१ झालो, म्हणून अधिकारानं लिहितोय.

सगळ्यांना धास्ती असते ती व्याकरणाची. पण मराठी माणसाला तीन लिंगांचं काय नवल? तो-ती-ते आपण जन्मापासून वापरतो. विभक्त्या शाळेत घोकल्यात, जर्मनमध्ये तर चारच आहेत. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जातं, तेही आपल्याला घरचंच. 'आइनउंडत्स्वान्त्सिश' म्हणजे आधी एक, मग वीस; आपलं एकवीस तसंच. नामांची लिंगं पाठ करावी लागतात हे खरं, पण -उंग, -हाइट, -काइट, -शाफ्ट असा शेवट असलेली नामं डोळे झाकून स्त्रीलिंगी धरा, केवढं तरी ओझं उतरतं.

साहित्य फुकट आहे. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेचा ए१ ते बी१ चा व्हिडिओ अभ्यासक्रम आहे, सावकाश वाचलेल्या बातम्या मजकुरासकट आहेत. मॅक्स म्युलर भवनात (जर्मनीच्या गोएथे संस्थेची इथली शाखा) परीक्षेला बाहेरून बसता येतं, क्लास केल्याचा दाखला कोणी मागत नाही. आणि क्लासचा वेग ठरलेला असतो. महिनाअखेरीच्या कामात दोन शनिवार बुडाले की मोठा माणूस मागे पडतो, मग लाजेनं जाणंच सोडतो. अशी किती तरी माणसं मी पाहिली आहेत.

जर्मनबाई

मी पुण्यात बरीच वर्षं जर्मन शिकवते, त्यामुळे माझा स्वार्थ आहे असं कोणी म्हणेल, म्हणू दे. पण मराठीचा आधार घेताय तर तो कुठे दगा देतो तेही सांगा ना.

'मी शाळेत जातो' आणि 'मी शाळेत आहे', दोन्हीकडे 'शाळेत'. जर्मनमध्ये जाताना 'इन दी शूलं' आणि असताना 'इन देअर शूलं'. आपल्या कानाला हा फरक जाणवतच नाही. एकटा शिकणारा नियम वाचतो, रिकाम्या जागा बरोबर भरतो आणि बोलायला लागला की दर वेळी चुकतो. 'मी गेलो' साठी 'इश हाबं गेगांगन' म्हणणारे तर माझ्याकडे रांगेनं येतात. तिथे 'इश बिन' हवं हे त्यांना माहीत असतं, पण तोंडात चुकीचं बसलेलं असतं. अशी बसलेली चूक काढायला नव्यानं शिकवण्यापेक्षा दुप्पट वेळ जातो.

शिवाय बी१ ला वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं हे चार भाग वेगवेगळे, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. वाचनातले ९० बोलण्याच्या मदतीला येत नाहीत. आणि बोलण्याची परीक्षा शक्यतो जोडीनं होते. समोरच्या अनोळखी उमेदवाराबरोबर एखादा बेत ठरवायचा, त्याचं न पटलं तर तसं सांगायचं. हे भिंतीशी बोलून कसं यावं?

तालुकावासी

बाई, तुमचं सगळं पटलं तरी पुण्याबाहेर लोक राहतात हे विसरू नका. मी कारखान्यात शिफ्टला आहे. ऑनलाइन क्लास रात्री सात ते नऊ, माझी दुसरी पाळी तेव्हाच. एक बॅच केली होती, तीसेक जण. माझ्या वाट्याला तासाला एखादं वाक्य यायचं, तेही पुस्तकातलं वाचून दाखवायचं. चूक दुरुस्त करायला सरांना उसंत कुठे होती? क्लास म्हणजे आपोआप दुरुस्ती हे गृहीतच चुकीचं आहे.

स्टुटगार्टची सिस्टर

तुम्ही दोघंही परीक्षेवर भांडताय. मी इथे वॉर्डात काम करते.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेंबर्गशी, म्हणजे स्टुटगार्ट ज्यात आहे त्या जर्मन राज्याशी, कुशल मनुष्यबळाचा करार केला. त्यामुळे आपल्याकडच्या मुलामुलींना विशेष तळमळीनं सांगतेय, बी१ हे ध्येय धरू नका. परिचारिका म्हणून मान्यता मिळवायला सहसा बी२ लागतं, आणि त्याच्यानंही पुरतं असं नाही. इथले आजोबा श्वेबिश ही इथली बोली बोलतात. 'फूस' दुखतोय म्हणाले, मी पाऊल तपासायला घेतलं. त्यांचं दुखणं मांडीत! पुस्तकात 'फूस' म्हणजे पाऊल, इथल्या बोलीत अख्खा पाय. पाळी बदलताना दहा मिनिटांत सगळ्या पेशंटची माहिती घ्यायची-द्यायची असते, तिथे 'पुन्हा सांगा' किती वेळा म्हणणार?

मी रीतसर क्लास करून आले. तो नसता तर टिकले नसते. पण नंतर एसडब्ल्यूआर हा इथला रेडिओ लावून स्वयंपाक करत स्वतःच शिकले तेही तेवढंच कामाला आलं. बालेवाडीकर, तुम्हाला आवडीसाठी शिकायचंय. ज्याच्या हातात औषधाचा ट्रे असणार आहे त्याला 'क्लास नको' हा सल्ला कृपया देऊ नका.

बालेवाडीकर

सिस्टर, तुमचं म्हणणं मोलाचं आहे. मी लिहितोय ते बी१ पर्यंतचं आणि नोकरदार प्रौढांसाठीचं, त्यावर ठाम आहे.

जर्मनबाई, दुरुस्ती हवी हे मलाही मान्य. पण तिच्यासाठी वर्गात बसायची गरज नाही. बी१ च्या लेखनात तासाभरात तीन मजकूर लिहायचे असतात : मित्राला ईमेल, एखाद्या चर्चेवर साधारण ८० शब्दांत मत, आणि औपचारिक चिठ्ठी, म्हणजे समजा शिक्षकांना 'येऊ शकत नाही' कळवणं. हे घरी घड्याळ लावून लिहायचे, जाणकाराकडून लाल शाईत तपासून घ्यायचे आणि दुरुस्त मजकूर पुन्हा स्वच्छ लिहून काढायचा. आठवड्यातून एक तास कोणाबरोबर तरी बोलायचं. बाकी सगळं स्वतः.

जर्मनबाई

म्हणजे शिकवणीच झाली की! 'स्वतः शिकलो' म्हणताना तो लाल शाईवाला माणूस तुम्ही हिशेबात धरत नाही, माझा आक्षेप तिथेच आहे. नवखा माणूस तुमचा धागा वाचून ॲप उघडेल आणि त्या माणसाचा शोधच घेणार नाही.

आणि तो माणूस सुरुवातीलाच हवा, परीक्षेच्या तोंडावर नव्हे. 'ऊ' वर दोन टिंबं असलेला स्वर घ्या. जीभ 'ई' ची, ओठ 'ऊ' चे. पहिल्याच महिन्यात कोणी ओठांकडे बघून सांगितलं तर पाच मिनिटांचं काम.

वाशीची सून

वादात मध्येच विचारते, माफ करा. नवरा म्युनिकला आहे, ब्लू कार्ड (उच्चशिक्षित कामगारांचा तिथला खास परवाना) नाही. त्यामुळे व्हिसासाठी मला ए१ लागेल. घरी बसून होईल का?

बालेवाडीकर

नक्की होईल. स्वतःच्या नावाचं स्पेलिंग जर्मन अक्षरांत आणि फोन नंबर, दोन्ही मोठ्यानं म्हणायचा रोज सराव करा. बोलण्याच्या परीक्षेत विचारतात.

जर्मनबाई

ए१ घरी होईल, हो. पण बोलण्याची परीक्षा गटात असते. चिठ्ठीवर शब्द येतो, त्यावरून शेजारच्याला प्रश्न विचारायचा आणि त्यानं विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. परीक्षेआधी निदान दोन-तीनदा माणसांसमोर हे करून बघा.

तालुकावासी

ताई, मीही ए१ चीच तयारी करतोय. रविवारी माझी सुट्टी असते, रात्री नऊनंतर व्हिडिओ कॉलवर बसू. अजून दोघं मिळाले तर गट होईल. बाई, एखाद्या रविवारी अर्धा तास आमच्या चुका ऐकायला याल का?

जर्मनबाई

येईन. शब्दांच्या चिठ्ठ्या मी आणते.