दुबईचे ब्लॅक पॉइंट आणि रत्नागिरीचे लायसन्स

खेडवाला:
माझा भाचा दुबईत एका कंपनीची पिकअप चालवतो. गेल्या वर्षभरात लाल सिग्नल ओलांडल्याबद्दल १२ आणि गाडी चालवताना मोबाइल हातात धरल्याबद्दल ४, असे १६ ब्लॅक पॉइंट त्याच्या नावावर चढले आहेत. दंड भरून टाकला, तरी पॉइंट जागच्या जागी आहेत. गणपतीला तो गावी येईल, आणि त्याच्या एमएच-०८ लायसन्सची मुदतही त्याच सुमारास संपते आहे. तिकडच्या पॉइंटांमुळे इकडच्या नूतनीकरणात अडचण येईल का, आणि तिकडचे लायसन्स वाचवण्यासाठी त्याने नेमके काय करावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

देरा_ते_दाभोळ:
दंड आणि पॉइंट ही दोन वेगळी खाती आहेत. पैसे भरल्याने पहिले मिटते, दुसरे नाही. अमिरातीत २४ पॉइंट झाले की लायसन्स स्थगित होते: पहिल्या वेळी ३ महिने, दुसऱ्या वेळी ६ महिने, तिसऱ्या वेळी एक वर्ष. आपल्या भाच्याकडे आता ८ उरले आहेत, म्हणजे सीट बेल्ट न लावण्याच्या दोन नोंदी (प्रत्येकी ४ पॉइंट आणि ४०० दिरहम) झाल्या तरी मर्यादा गाठली जाईल. मर्यादेपेक्षा थोडा वेग जास्त झाला तर केवळ दंडावर भागते, परंतु ताशी ६० किलोमीटरहून अधिक वेग वाढवल्यास एकदम १२ पॉइंट बसतात आणि गाडीही ३० दिवस जप्त होते. कंपनीची गाडी महिनाभर अडकली, तर मालक पॉइंट मोजत बसणार नाही, एवढे मी तिकडच्या अनुभवावरून सांगू शकतो.

उपाय मात्र आहे. दुबई पोलिसांमार्फत वर्षातून एकदा प्रशिक्षण वर्ग करून ८ पॉइंट कमी करून घेता येतात. वर्ग २४ होण्याआधीच करायचा असतो, म्हणून गावी येण्यापूर्वीच तो आटोपणे हिताचे.

मोटार_स्कूल_चिपळूण:
नूतनीकरणाची काळजी करू नये. अमिरातीचे पॉइंट तिथल्या लायसन्सच्या नोंदीवर असतात. ते इथल्या लायसन्सवर चढत नाहीत. मुदत संपण्याच्या आधी एक वर्ष ते नंतर एक वर्ष या काळात अर्ज करता येतो, मात्र मुदत संपून वर्ष उलटले की पुन्हा वाहनचाचणी द्यावी लागते. परदेशात राहणाऱ्या आपल्या मुलांचे घोडे बहुधा इथेच अडते.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये पॉइंटांची वही नाही, याचा अर्थ इथे मोकळीक आहे असा कोणी घेऊ नये. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९४-ड नुसार हेल्मेट न घालता दुचाकी चालवल्यास दंडाबरोबर तीन महिन्यांची अपात्रता आहे. अतिवेग, धोकादायक वाहनचालन, मद्यपान करून गाडी चालवणे अशा प्रकरणांत पोलीस कलम २०६(४) नुसार लायसन्स ताब्यात घेऊन परवाना प्राधिकरणाकडे पाठवू शकतात. लाल सिग्नल तोडणे आणि मोबाइल हातात धरणे ही भाच्याची दोन्ही कृत्ये इथे धोकादायक वाहनचालनातच मोडतात. प्राधिकरण चालकाचे म्हणणे ऐकून घेते आणि लेखी कारणे नोंदवून पहिल्या वेळी तीन महिन्यांसाठी अपात्र ठरवते. दुसऱ्या वेळी लायसन्स रद्दच होऊ शकते. त्या आदेशाविरुद्ध ३० दिवसांत अपील करता येते.

खेडवाला:
दोघांचेही आभार. एकच शंका: इथे लायसन्स स्थगित झाले आणि तरीही त्याने सुट्टीत घरची स्कूटर बाहेर काढली, तर?

मोटार_स्कूल_चिपळूण:
तो स्वतंत्र गुन्हा होतो. कलम १८२ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. गणपतीत गावातल्या गावात जायचे म्हणून हेल्मेट खुंटीवर ठेवणारे पुष्कळ दिसतात, तेव्हा भाच्याला हे आधीच सांगून ठेवावे.

देरा_ते_दाभोळ:
आणखी एक पाहावे. कॅमेरा गाडी टिपतो, चालक नव्हे, त्यामुळे कंपनीच्या गाडीची नोंद आधी कंपनीकडे येते. ते १६ पॉइंट खरोखर त्याच्याच पाळीतले आहेत का, हे त्याने तारीख-वेळ जुळवून पाहावे, आणि नसतील तर निघण्यापूर्वी कंपनीकडे लेखी हरकत द्यावी.