मशीनवर ओ आला, मग बॉम्बे ग्रुप कसा?

प्रश्न: भावाचा ग्रुप ऑटोमॅटिक मशीनवर ओ पॉझिटिव्ह आला पण क्रॉसमॅचला (पेशंटशी बॅगेतलं रक्त जुळतं का ते बघायची टेस्ट) ओ ची एकही बॅग जुळेना, आता लॅबवाले म्हणतायत बॉम्बे ग्रुप हा दुर्मिळ रक्तगट असेल. मशीन इतकं चुकतं का?

उत्तर १: चुकलं नाही हो, बॉम्बेमध्ये एच अँटिजेनच (लाल पेशींवरची एक खूण) नसतो म्हणून त्यावर बनणारे ए-बी अँटिजेन पण बनत नाहीत, आणि मशीनच्या टेस्ट कार्डात रिव्हर्सला (पेशंटचा प्लाझ्मा तयार पेशींशी तपासतात ती टेस्ट) बहुतेकदा ए अन् बी पेशीच असतात, बॉम्बेचा प्लाझ्मा ज्यांच्याशी जुळत नाही त्या ओ पेशी नसतातच, मग ओ च दिसणार ना. अँटी-एच लेक्टिन (एच आहे की नाही ते दाखवणारं द्रव्य) लावायला सांगा.

उत्तर २: +१. तोवर साधं ओ रक्त अजिबात चढवू देऊ नका!! तुमची, बाकी भावंडांची पण टेस्ट करा, तिथे जुळायचा चान्स जास्त.

उत्तर ३: १९५२ मध्ये डॉ. भेंडेंनी मुंबईत हा ग्रुप शोधला तोही मशीनशिवायच.