निराधार योजनेतल्या बायकांना काम मिळवून देताना तब्येतीची अडचण कशी तपासायची?

प्रश्न (समुपदेशक, हडपसर)

संजय गांधी निराधार योजनेचे दरमहा पैसे घेणाऱ्या, ४५ ते ६० वयाच्या बायकांसाठी रोजगाराचा कार्यक्रम आहे. कामं तीन प्रकारची: खराडीतल्या कंपन्यांत हाउसकीपिंग, पोळीभाजी केंद्र, आणि घरबसल्या पिको-फॉल. फॉर्ममध्ये तब्येतीचा एकच प्रश्न आहे, "काही आजार आहे का?" बहुतेक जणी "नाही" म्हणतात आणि महिन्याभरात काम सुटतं. डॉक्टरांचा दाखला मागितला तर "जड काम वर्ज्य" एवढंच लिहून येतं. आमच्याकडे एक परिचारिका आहे. तपासणी नेमकी कशी करावी?

उत्तर १ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणारा)

आजाराचं नाव विचारून काही हाती लागत नाही. "काय करताना थांबावं लागतं?" हे विचारा. किती वेळ सलग उभं राहता येतं, उकिडवं बसून हात न टेकता उठता येतं का, भरलेली बादली किती अंतर नेता येते, बसमध्ये उभ्याने प्रवास जमतो का. प्रत्येक प्रश्न गेल्या ३० दिवसांबद्दलच हवा, नाहीतर उत्तर दहा वर्षांपूर्वीच्या तब्येतीचं मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेची हूडास २.० ही १२ प्रश्नांची प्रश्नावली याच पद्धतीची आहे.

मग प्रत्यक्ष करून बघा. सुमारे ४३ सेंटीमीटर उंचीची, हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हाताची घडी छातीशी, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं ते मोजा. साठीच्या बाईला १२ वेळाही जमत नसेल तर पायातली ताकद कमी आहे. १० लिटर पाणी बादलीसकट १० किलोच्या वर जातं. अशी बादली १५ मीटर नेऊन आणायला सांगा. त्याआधी रक्तदाब घ्या, छातीत दुखतं का, चालताना दम लागतो का ते विचारा. शंका असेल तर बादली उचलायला लावूच नका, आधी डॉक्टर.

नेहमी चूक होते ती इथे: तपासणी सकाळी दहा वाजता, पाच मिनिटांची होते. गुडघा आणि कंबर बोलायला लागतात चौथ्या तासाला. म्हणून दुसऱ्या दिवशी फोन करून "सकाळी उठताना कसं होतं?" हे विचाराच, आणि पक्कं ठरवण्याआधी अर्ध्या दिवसाचं काम करून पाहू द्या.

डॉक्टरांना कोरा दाखला मागू नका. कामाचं वर्णन लिहून द्या: "आठ तासांपैकी सहा तास उभं राहणं, दिवसाला अंदाजे २० वेळा बादली उचलणं, ओल्या फरशीवर चालणं." प्रत्येकासमोर होय, नाही, किंवा "या अटीवर" असं लिहायला जागा ठेवा. असं विचारलं की डॉक्टरही नेमकं लिहितात.

उत्तर २ (समाजसेवा अधीक्षक, रुग्णालय)

वरच्याला जोड म्हणून: अडचण सुटणारी आहे, काही काळाची आहे की कायमची, हे आधी वेगळं करा. पिको-फॉलला सुईत दोरा ओवता येत नसेल तर चाळिशीचा चष्मा लागतो, एवढंच असू शकतं. हिमोग्लोबिन जरूर तपासा. बायकांमध्ये १२ ग्रॅमच्या खाली पंडुरोग (रक्तक्षय, अ‍ॅनिमिया) धरतात, ८ च्या खाली तीव्र. अशा बाईला "आळशी" म्हणणं हा अन्याय आहे. क्षयरोगाचा नेहमीचा उपचार सहा महिन्यांचा, म्हणजे तिला नकार द्यायचा नाही, पुढची तारीख द्यायची.

औषधांच्या वेळा हमखास राहून जातात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडची गोळी घेणारीचं जेवण दोन तास लांबलं तर साखर उतरून चक्कर येते. पोळीभाजी केंद्रात तव्यापाशी ते धोक्याचं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर स्वच्छतागृह किती दूर आहे हे बघावंच लागतं, नाहीतर बाई पाणी पिणं किंवा गोळी बंद करते. फिट येत असतील तर शेगडी, उंची आणि रात्रपाळी टाळा.

मनाच्या तब्येतीसाठी पीएचक्यू-९ ही नैराश्याची चाचपणी करणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली मराठीत वापरता येते. २७ पैकी १० किंवा जास्त गुण आले तर पुढे डॉक्टरांकडे. हे निदान नव्हे. ती गटात मोठ्याने वाचून भरून घेऊ नका, खरी उत्तरं मिळणार नाहीत. नववा प्रश्न जीव नकोसा वाटण्याचा आहे. तिथे शून्याच्या वर काहीही आलं तर त्याच दिवशी एकांतात बोला आणि डॉक्टरांशी गाठ घालून द्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही हाताशी ठेवा.

प्रश्नकर्ती

खूप उपयोगी, दोघांचे आभार. ज्यांच्याकडे ४० टक्क्यांचं दिव्यांग प्रमाणपत्र आहे त्यांची ही तपासणी लागेल का?

उत्तर ३ (योजनांचं काम पाहणारा)

लागेल. टक्केवारी अवयवाची किंवा आजाराची असते, कामाची नसते. पोलिओमुळे ६० टक्के असलेली बाई बसून शिलाई उत्तम करेल. उलट हृदयविकार किंवा मधुमेह २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत नाही, त्यामुळे काम न झेपणाऱ्या बाईकडे प्रमाणपत्रच नसतं.

तपासणीइतकीच महत्त्वाची गोष्ट उत्पन्नाची मर्यादा. निराधार योजनेत कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत लागतं, दिव्यांगांसाठी ५०,०००. महिना ९,००० ची नोकरी तीन महिने टिकली तरी २७,००० होतात. चौथ्या महिन्यात कंबरेने काम सुटलं तर पगार गेला, आणि योजनेचे पैसेही अडचणीत. पुन्हा उत्पन्नाच्या दाखल्यापासून सुरुवात. हा हिशोब कामावर जाण्याआधी तिच्यासमोर कागदावर मांडा आणि निर्णय तिला घेऊ द्या.

तपासणीचा कागद तुमच्याच कपाटात कुलपात राहू द्या. मालकाला फक्त सोय कळवा: "१० किलोवर उचलणं नको, दर दोन तासांनी दहा मिनिटं बसायला मिळावं." आजाराचं नाव द्यायचं नाही. कोणी नोकरीसाठी एचआयव्ही तपासणी मागितली तर २०१७ च्या कायद्याने ती मागताच येत नाही. आणि फॉर्मवर सही किंवा अंगठा घेण्याआधी, ही माहिती पैसे बंद करण्यासाठी नाही, हे तिला तोंडी सांगा. ती भीती असेपर्यंत उत्तर "काही आजार नाही" हेच येत राहील.