शब्दचर्चा : ‘स्वमग्न उंदीर’ म्हणावे का?

मूळ प्रश्न

स्वमग्न (ऑटिस्टिक) मुलांच्या पालकांसाठी निघणाऱ्या एका पुस्तिकेचे मराठीकरण सध्या माझ्याकडे आहे. प्राण्यांवरील संशोधनाच्या प्रकरणातील एका वाक्यापाशी मी दोन दिवस अडले आहे. माझा पहिला खर्डा असा होता : ‘शँक३ जनुक निकामी केलेल्या स्वमग्न उंदरांच्या प्रारूपात अंग चाटण्याचे वेड दिसून आले.’

यातला इंग्रजी ‘मॉडेल’साठी घेतलेला ‘प्रारूप’ मलाच खटकतो. ‘प्रारूप मतदार यादी’ आणि ‘प्रारूप विकास आराखडा’ यांनी तो शब्द ‘हरकती मागवण्यापूर्वीचा मसुदा’ या अर्थाने पक्का करून टाकला आहे. ‘नमुना’ लिहावे तर ‘काय नमुना आहे’ हा सूर कानात वाजतो. ‘प्रतिकृती’ म्हटले की उंदीर हुबेहूब मुलासारखाच झाला असे होते, आणि तसा दावा मूळ मजकुरात कुठेही नाही. शिवाय मूळ इंग्रजीत ‘ऑटिस्टिक-लाइक’ असे आहे. त्यातला ‘लाइक’ वाक्य जड होते म्हणून मी गाळला. ते योग्य झाले का?

पहिला प्रतिसाद

गाळलेला ‘लाइक’ आधी परत आणा, कारण त्या वाक्यातला सर्वांत महत्त्वाचा शब्द तोच आहे. ‘स्वमग्नतासदृश’ हे रूप जड वाटत असल्यास ‘स्वमग्नतेत दिसणाऱ्या वर्तनाशी मिळतेजुळते’ असे उलगडून लिहावे. वाक्य लांबले तरी चालेल.

मी काही वर्षे उंदरांच्या चित्रफितींसमोर स्टॉपवॉच घेऊन बसण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. उंदराला एका रिकाम्या पिंजऱ्यात सोडतात, पहिली दहा मिनिटे त्याला रुळू देतात आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याने किती सेकंद अंग चाटले ते मोजतात. उंदीर आधी पुढचे पंजे चाटतो, ते नाकावरून फिरवतो, मग गालांवरून आणि कानांमागून, त्यानंतर कुशीकडे वळतो आणि शेवटी शेपटीपर्यंत पोहोचतो. मांजर तोंड धुते असे आपण म्हणतो, तसेच हे असते. हा क्रम जवळजवळ ठरलेला असतो आणि निरोगी उंदीरही तो पाळतो. बीटीबीआर नावाच्या वाणाच्या उंदरांत हेच काम कितीतरी अधिक वेळ चालते. शँक३ नसलेल्या उंदरांत तर ते कातडी सोलवटून जखमा होईपर्यंत जाते. म्हणजे वर्तन नवे नसते, ते थांबत नाही एवढेच वेगळे असते. ‘वेड’ या शब्दाने नेमकी ही गोष्ट झाकली जाते.

आता ‘सदृश’चे महत्त्व पाहा. २००७ साली मेंदूशास्त्रज्ञ गुओपिंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने सॅपॅप३ हे जनुक काढून टाकलेले उंदीर वर्णिले. ते तोंडावरचे केस झडेपर्यंत अंग चाटत होते आणि फ्लुओक्सेटिन हे नैराश्य व मंत्रचळावरचे औषध दिल्यावर ते प्रमाण कमी झाले. त्या शोधनिबंधात या वर्तनाला मंत्रचळासारखे (ओसीडीसारखे) म्हटले होते. २०११ साली त्याच शास्त्रज्ञाच्या गटाने शँक३चे उंदीर वर्णिले. पुन्हा अंग चाटणे, पुन्हा जखमा, पुन्हा मेंदूच्या स्ट्रायटम या भागातील चेतासंधींमधला (चेतापेशींच्या जोडण्यांमधला) बिघाड, पण या वेळी नाव स्वमग्नतासदृश वर्तनाचे होते. यात लबाडी काही नाही. शँक३मधील दोष काही स्वमग्न व्यक्तींत खरोखरच सापडले आहेत आणि ते उंदीर एकमेकांशी मिसळण्यातही कमी पडत होते. तरीही चाटणाऱ्या उंदराकडे नुसते पाहून तो कोणत्या विकाराचा हे सांगता येत नाही. नाव आपण देतो, म्हणून ‘सदृश’ सोडता येत नाही.

मॉडेलसाठी माझे मत ‘प्रतिमान’ला आहे. त्यात ‘मान’, म्हणजे मोजमाप आहे. पालकांच्या पुस्तिकेत मात्र सरळ ‘मॉडेल’ लिहिलेले बरे.

दुसरा प्रतिसाद

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणून मला ‘पुनरावर्ती वर्तन’ (रिपीटिटिव्ह बिहेवियर) या शब्दप्रयोगाविषयी लिहायचे आहे. घरात आम्ही ‘चाळा’ म्हणतो : ‘त्याला बोटांचा चाळा आहे.’ तो शब्द मला आवडतो, कारण हाताला चाळा प्रत्येकालाच लागतो. त्याचेच अनेकवचन केले की ‘चाळे’ होते आणि शब्द एकदम दूषणात जातो. एकवचनातली माया अनेकवचनात इतकी आटलेली दुसरी जोडी मला आठवत नाही.

लिहिताना हेही लक्षात आले की पुन्हा पुन्हा होणाऱ्या वर्तनासाठी मराठीने प्राणी फार पूर्वीच वापरले आहेत : माकडचाळे, पोपटपंची, घाण्याचा बैल. पहिल्या दोहोंत हेटाळणी आहे. तिसऱ्यात मात्र एक निरीक्षण दडले आहे. बैल स्वतःच्या हौसेने फिरत नाही, त्याला जुंपलेले असते.

‘इन्सिस्टन्स ऑन सेमनेस’साठी काही लेखांत ‘हेका’ वाचला. तो कृपया वापरू नये. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा स्वमग्न मुलांचे वर्णन करताना सगळे जसेच्या तसे राहावे या ओढीवर भर दिला होता आणि तिच्यामागची भीतीही टिपली होती. हेक्यात भीती नसते, फक्त आडमुठेपणा असतो. मी ‘तेच ते हवे असणे’ म्हणते.

पहिल्या प्रतिसादकाचे पुन्हा

घाण्याच्या बैलाचे उदाहरण तुम्हाला वाटते त्याहून अधिक लागू पडते. फ्लोरिडा विद्यापीठात मार्क लुइस यांच्या गटाने डिअर माउस नावाच्या उत्तर अमेरिकी उंदरांवर दीर्घकाळ काम केले. साध्या पिंजऱ्यात ते एकाच जागी सतत उड्या मारतात किंवा मागच्या मागे कोलांट्या घेतात. मोठी जागा, बोगदे आणि खेळणी दिली की पुष्कळांत हे कमी होते. साखळीला बांधलेला हत्ती डुलतो तेव्हा आपण कौतुकाने पाहतो, ते डुलणेही याच जातीचे असते. अशा वर्तनाला ‘साचेबंद हालचाल’ म्हणावे. ‘चाळा’ घरासाठी ठेवावा.

२०१३च्या डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेत वारंवार होणाऱ्या हालचाली, तेच ते हवे असणे, मोजक्याच विषयांत गढून जाणे आणि संवेदनांना कमी-अधिक प्रतिसाद देणे असे चार प्रकार पुनरावर्ती वर्तनाच्या एकाच शीर्षकाखाली येतात. उंदरांत पहिला प्रकार सहज मोजता येतो. दुसऱ्यासाठी टी आकाराच्या वाटेत खाऊची बाजू बदलतात आणि अंगवळणी पडलेली वाट उंदीर किती लवकर सोडतो हे पाहतात. तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणणे उंदरात येणार कोठून? त्यामुळे ‘पुनरावर्ती वर्तनाचे मॉडेल’ असे सरसकट लिहिण्यापेक्षा कोणते वर्तन ते क्रियापदाने सांगावे.

क्रियापदही जपून निवडावे. ‘गोट्या पुरण्याची चाचणी’ हे नाव घ्या. भुशावर वीसेक गोट्या मांडतात आणि अर्ध्या तासाने दोन-तृतीयांश झाकल्या गेलेल्या गोट्या मोजतात. पूर्वी ही चिंतेची चाचणी समजली जाई. प्रत्यक्षात बऱ्याचदा उंदीर नुसता भुसा उकरत असतो आणि गोट्या त्याखाली जातात. ‘पुरणे’ म्हटले की त्याच्या मनात काहीतरी लपवायचे आहे असे वाटते.

मूळ प्रश्नकर्तीचे

दोघांचेही आभार. वाक्य आता असे केले आहे : ‘शँक३ हे जनुक निकामी केलेले उंदीर जखमा होईपर्यंत अंग चाटत राहिले. स्वमग्नतेतील वारंवार होणाऱ्या हालचालींशी हे वर्तन काही अंशी मिळतेजुळते असल्याने संशोधक या उंदरांचा मॉडेल म्हणून उपयोग करतात.’

पुढच्याच परिच्छेदात २०१६चा प्रयोग आहे. त्यात प्रौढ उंदरांत हे जनुक पुन्हा सुरू केल्यावर चाटणे कमी झाले आणि ते इतर उंदरांत अधिक मिसळू लागले, पण चिंता आणि हालचालींतील अडचण तशीच राहिली. तेथे मी ‘उंदीर बरे झाले’ असे लिहून ठेवले होते. ते आता खोडले आहे.