एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) कोणत्या दिवशी चढला?

इंदूरच्या एका पेशंटचे पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर आठव्या दिवशी डोळे पिवळे झाले म्हणजे भूलच बाधली, असं एकाचं म्हणणं आहे. भुलीचा जुना गॅस हॅलोथेन असता तर संशय रास्त होता. त्याचा जवळपास २० टक्के भाग लिव्हर फोडतं, नंतर आलेल्या आयसोफ्लुरेन गॅसचा जेमतेम ०.२ टक्के. सेवोफ्लुरेनचा २ ते ५ टक्के फुटतो खरा, पण त्यातून हॅलोथेनसारखं, लिव्हरच्या प्रथिनांना चिकटून शरीराची प्रतिकारशक्ती लिव्हरवरच उलटवणारं घातक ट्रायफ्लुरोअ‍ॅसिटिल तयार होत नाही. तेव्हा भुलीच्या कागदावर कुठला गॅस लिहिलाय ते आधी बघा, आणि पूर्वी कधी भूल दिली होती का तेही.

मग तारखा. बीपी पडून लिव्हरला रक्त कमी पडलं असेल तर एसजीपीटी एक-दोन दिवसांतच हजारांत जातो आणि तसाच भराभर उतरतो. गॅसचा हिपॅटायटिस सहसा ५ ते १४ दिवसांनी: आधी ताप, मागून कावीळ. त्याची खात्रीची अशी एक तपासणी नाही, बाकीची कारणं वगळत जायचं. अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट अडली की वाढणारं एन्झाइम) चढलेलं आणि एसजीपीटी किरकोळ असेल तर पित्तनलिकेत अडकलेला खडा आधी शोधा, सोनोग्राफीने. आणि इंदुरात, तेही पावसाळ्यात, हिपॅटायटिस ए-ईचे आयजीएम (ताजा संसर्ग दाखवणारी रक्ततपासणी) केल्याशिवाय भुलीवर खापर कसलं फोडता! आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) वाढत असेल तर मात्र रिपोर्टांची वाट न बघता भरती करा.